विरजणाची वाटी



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, आणि मग एका ताईंच्या मुलीनं पिशवीतून काचेची बरणी काढली. ती पुण्याला नोकरीला असते, चार दिवसांसाठी गावी आली होती. बरणीत पांढरट, बुडबुडे आलेलं पीठ होतं. म्हणाली, "काकू, हा सॉरडोचा स्टार्टर. ह्याच्यावर घरी पाव करतात. लई जुना आहे म्हणे, मी पैसे देऊन मागवलाय."

बरणी हातोहात फिरली. एका आजींनी झाकण काढून वास घेतला. "अगं, हे तर आंबलेलं पीठ! आंबिलीला लावतो तसलं. आन्‌ ह्याला पैसं मोजलंस? इरजण कुणी इकत घेतं का?"

सगळ्या हसल्या. तेवढ्यात मागं भिंतीला टेकून बसलेल्या दुसऱ्या आजी हळूच म्हणाल्या, "इकत नव्हतं बाई. पर समद्यांला मिळत बी नव्हतं."

हसणं थांबलं. त्या दिवशी पुढं कुणी काही बोललं नाही. पण ती दोन वाक्यं माझ्या डोक्यातून गेली नाहीत. विरजण विकत घ्यायची वस्तू नाही, हे खरं. आणि ते सगळ्यांना मिळत नव्हतं, हेही खरं. म्हणून आज या आंबवणाचाच इतिहास सांगणार आहे. राजांच्या लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो, हा वाटीतला इतिहास कुणी शिकवला नाही.

आधी त्या बरणीत काय असतं ते पाहू. गव्हाचं पीठ आणि पाणी सारखं घेऊन कालवून ठेवलं की पाच-सात दिवसांत ते आंबतं. पिठात मुळातच डोळ्याला न दिसणारे जीव असतात. त्यातले काही जिवाणू दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, ते आंबटपणा आणतात. दुसरं असतं यीस्ट. ते वायू सोडतं, त्यानं पीठ फुगतं. दावणीच्या जनावराला रोज वैरण लागते, तसं या आंबवणाला ताजं पीठ-पाणी लागतं. तेवढं मिळालं की ते वर्षानुवर्षं जगतं. पाव करायचा तेव्हा त्यातलं थोडं काढून नव्या पिठात मिसळायचं, उरलेलं पुढच्या वेळेला ठेवायचं. आपण कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला लावतो, तीच रीत.

आता तुम्ही म्हणाल, पाव हे परदेशातलं, आपल्याला त्याचं काय? पण जरा ऐका. सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी इजिप्त देशात मेलेल्या माणसाबरोबर थडग्यात खाणं ठेवायची पद्धत होती. त्या थडग्यांतले पाव वाळून टणक झालेले, पण आजही संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. ते पाव ज्या गव्हाचे होते, तो गहू आपण ओळखतो. इंग्रजीत त्याला एमर म्हणतात, आणि आपण म्हणतो खपली. आपल्या भागात खीर आणि पुरणपोळीसाठी जपलेला तोच हा गहू.

आंबवायची विद्याही आपल्याला नवी नाही. इसवी सन १०२५ च्या सुमाराला चावुंडराय नावाच्या लेखकानं कन्नडमध्ये 'लोकोपकार' नावाचा ग्रंथ लिहिला. तेव्हा या सगळ्या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून हैदराबादच्या वाटेवर. त्या ग्रंथात इडलीची कृती आहे. उडीद ताकात भिजवायचे, बारीक वाटायचे आणि त्यात दह्याची निवळ आणि मसाला घालायचा. विचार करा, हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्वयंपाकघरात दह्याची निवळ हाताशी होती, म्हणजे विरजण होतं. ते कुणी सांभाळलं असेल? ग्रंथ लिहिणाऱ्याचं नाव उरलं, दही लावणारीचं उरलं नाही.

आपल्या सोलापूर शहरात तीन भाषा नांदतात. मराठी बाई शेजारणीकडे वाटी घेऊन जाते ती विरजण मागायला, खेड्यात आपण इरजण म्हणतो. अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी अक्का त्यालाच 'हेप्पु' म्हणते. आणि पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी, पद्मशाली आयाबायांच्या तेलुगूत, त्याला 'तोडु' म्हणतात. तेलुगूत तोडु या शब्दाचा दुसरा अर्थ आहे सोबत. दुधाला सोबत दिली की दही होतं. मला हा शब्द फार आवडतो.

आता जरा कोकणात जाऊ. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात पिढ्यान्‌पिढ्या बेने इस्रायली लोक राहत होते. धर्मानं यहुदी, भाषेनं मराठी. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. यहुदी लोकांचा एक मोठा सण आहे. गुलामीतून सुटून त्यांचे पूर्वज इतक्या घाईनं निघाले, की पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही, अशी त्यामागची कथा. म्हणून त्या सणात घरात आंबवलेलं काही ठेवत नाहीत. या सणाला बेने इस्रायली आपल्या मराठीत काय म्हणायचे? 'अनाशी ढाकाचा सण'. त्यांच्या घरी तोंडी लावायला आंबट पातळ पदार्थाचं एक भांडं कायम भरलेलं असे. सणाच्या दिवसांत त्या भांड्यावर झाकण पडायचं, त्यावरूनच सणाचं नाव. एवढा मोठा धर्माचा इतिहास, आणि मराठी घरात त्याचं नाव पडलं ते बाईच्या हातातल्या झाकणावरून!

तिथून किनाऱ्यानं खाली उतरलं की गोवा. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांना गव्हाचा पाव हवा होता. आपला 'पाव' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. पण पीठ फुगवायचं कशानं? तिथल्या लोकांकडे नारळाच्या झाडाची सूर होती, म्हणजे ताडीच. सूर काढल्यापासून आपोआप आंबायला लागते. ती पिठात घातली आणि पाव फुगला. झाडावर चढून सूर काढणारा तो रेंदेर, पाव भाजणारा तो पोदेर. सासष्टी तालुक्यातल्या माजोर्ड्यात ही विद्या पहिल्यांदा शिकवली गेली, असं तिथं सांगतात. उंडो, पोळी, काकणां असे पावाचे प्रकार गोव्यात घरोघर जाऊ लागले. साहेबाची भूक आणि गावच्या माडाची सूर, दोन्ही मिळून तो पाव झाला.

मग कारखाना आला. फ्रान्समधल्या लुई पाश्चर या शास्त्रज्ञानं १८५७ पासून दाखवून दिलं, की आंबणं हे जिवंत सूक्ष्म जीवांचं काम आहे. पुढं १८६८ मध्ये अमेरिकेत फ्लाइशमन नावाच्या उद्योजकानं दाबून वडी केलेलं यीस्ट विकायला सुरुवात केली. दोन तासांत पीठ फुगायला लागलं. बेकरीवाल्यांची सोय झाली, आणि घरोघरची आंबवणं हळूहळू सुटली. गोव्यातही रेंदेर कमी झाले, सूर मिळेना, बहुतेक पोदेर यीस्टच्या पुडीवर आले. मी पुडीला नावं ठेवत नाही. कामाच्या बाईला वेळ वाचवणारी वस्तू वाईट नसते. पण पुडी संपली की दुकानात जावं लागतं, आणि विरजण संपलं की शेजारी जावं लागतं. या दोन जाण्यांत फरक आहे.

हा फरक ओळखणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला, कार्ल ग्रिफिथ. त्याचे पूर्वज १८४७ मध्ये बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर मिसुरीहून ओरेगनला गेले, तेव्हा त्यांनी बरोबर पावाचं आंबवण नेलं होतं. घराण्यात ते जपलं गेलं. कार्लनं ते वाळवून त्याची भुकटी केली, आणि जो कुणी स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट पाठवेल त्याला चिमूटभर फुकट पाठवायला लागला. २००० साली तो वारला. त्यानंतर त्याच्या भुकटीवर पाव करणाऱ्या लोकांनी मंडळ काढून ते काम पुढं चालवलं. घराण्याची वस्तू तिजोरीत ठेवली असती तर एखाद्या उन्हाळ्यात मेली असती. ती हजारो घरांत गेली, म्हणून एका घरी खराब झाली तरी दुसऱ्या घरी आहे.

बेल्जियम देशात सेंट विथ या गावी २०१३ पासून अशा आंबवणांचं संग्रहालयच आहे. जगभरातल्या बरण्या तिथं थंड कपाटात ठेवल्या आहेत. तिथंच एक प्रयोग झाला. वेगवेगळ्या देशांतल्या १५ बेकरांना एकाच पोत्यातलं पीठ दिलं आणि प्रत्येकानं आपापल्या घरी आंबवण केलं. मग ती आंबवणं आणि त्यांचे हात तपासले. पीठ एक असूनही आंबवणं वेगवेगळी निघाली, आणि बेकरांच्या हातांवर आंबवणातले जिवाणू भरपूर सापडले. आपण म्हणतो ना, तिच्या हाताला चव आहे? ते नुसतं बोलणं नाही. हात पिठात उतरतो आणि पीठ हातात उतरतं.

आणि इथंच मला त्या भिंतीला टेकून बसलेल्या आजींकडं परत यायचं आहे.

बैठकीनंतर आठ दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. त्यांचं घर पूर्वी गावकुसाबाहेर मानलेल्या वस्तीत आहे. चहा झाला. मी विचारलं, "आजी, त्या दिवशी असं का म्हणालात?" त्या म्हणाल्या, "तुला म्हाईत नाही का? तुझी आजी आमाला ताक द्यायची. वरनं वतायची. भांडं भांड्याला लागू द्यायची नाही."

मला माहीत होतं. लहानपणी मी ते डोळ्यांनी बघितलं होतं. ताक फुकट द्यायची म्हणून आजीचं गावात कौतुक होतं, आणि मीही तेच कौतुक सांगत आले. भांड्यातलं अंतर मी कधी सांगितलं नाही. ताक वरून ओतता येतं, पण विरजण असं देता येत नाही. त्याला वाटी हातात द्यावी लागते. म्हणून विरजण त्या वस्तीत जात नव्हतं आणि तिथून येत तर नव्हतंच. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. आमच्या घरच्या वाटीपर्यंत ते पाणी पोचायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली.

मग आजींनी पुढची गोष्ट सांगितली, ती मात्र मला माहीत नव्हती.

"बहात्तरचा दुष्काळ," त्या म्हणाल्या. १९७२ चा दुष्काळ आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या बायांना अजून आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी, रेशनवरची लाल मिलो. मिलोची भाकरी थापायला गेलं की तुटायची, म्हणून पीठ शिजवूनच प्यायचे. वैरण नाही म्हणून गुरं गेली. दूध गेलं, दूध गेल्यावर दही गेलं, आणि अख्ख्या आळीतलं विरजण संपलं. "आमच्याकडं एक शेळी होती. बाभळीच्या शेंगांवर जगलेली. तिचं वाटीभर दूध यायचं, त्याचं दही लावायची मी. पाऊस झाला, तुमच्याकडं गाय आली. एक दिवस तुझी आजी अंधार पडल्यावर आली. पदराखाली वाटी. म्हणाली, इरजण हाय का गं?"

मी विचारलं, "आणि तुम्ही दिलं?"

"दिलं की. दिवेलागण झाल्यावर इरजण देत न्हाईत म्हणत्यात. पर ती दिवसा येणार नव्हती, हे मला ठावं होतं."

मैत्रिणींनो, विरजण नसलं तर कोमट दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकूनही दही लागतं. आजीला ते ठाऊक असणार, तरी ती वाटी घेऊन गेली. देठांवर लावलेलं दही पहिल्या खेपेला पातळ, चिकट होतं, नीट लागत नाही. गाय विकत आणलेली, घरात लेकरं. गरज होती म्हणून गेली. आणि नंतर? नंतर पुन्हा ताक वरूनच ओतत राहिली. आजींनी हेही सांगितलं, राग न आणता. मला मात्र मान वर करता आली नाही.

आमच्या घरी आजी, मग आई, मग मी, एकच विरजण चालवत आलो. माझ्या लग्नात आईनं छोट्या डब्यात ते बरोबर दिलं होतं. मी अभिमानानं सांगायची, आमच्या घराण्याचं विरजण. आता कळलं, ते घराणं माझं एकटीचं नव्हतं. वस्तीतली ती शेळी आणि या आजींचा हात त्यात होता.

म्हणून मला वाटतं, इतिहासात 'शुद्ध घराण्याचं' आंबवण कुठंच नाही. गोव्याचा पाव साहेबाचा, तसा रेंदेराचाही. सोलापूरच्या एका बोळात हेप्पु, तोडु आणि विरजण एकाच दुधात पडलेलं असणार. जे म्हणतात आमचं कुणाला लागलं नाही, त्यांच्याच वाटीत सगळ्यांचे हात आहेत. फरक एवढाच, की कुणी ते कबूल करतं आणि कुणी पदराखाली झाकतं.

आता थोडं कामाचं सांगते, कारण त्या पुण्याच्या मुलीची बरणी आमच्या गटात राहिली आहे. तिच्यातलं चमचाभर घेऊन आम्ही खपलीच्या पिठावर वाढवलं. बरणी मिळाली नाही तरी अडत नाही. अर्धी वाटी खपलीचं पीठ, अर्धी वाटी पाणी, चिनी मातीच्या बरणीत कालवून फडक्यानं झाका. रोज निम्मं काढा आणि तेवढंच पीठ-पाणी घाला. काढलेलं फेकू नका, पहिले दोन-तीन दिवस गेले की ते धिरड्यात चालतं. आठवडाभरात बुडबुडे येतात, गोडसर आंबट वास येतो. गुलाबी, नारिंगी डाग किंवा बुरशी दिसली तर मात्र सगळं टाकून नव्यानं करा. आपल्या उन्हाळ्यात ते फार लवकर आंबतं, तेव्हा बरणी माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवा आणि दिवसातून दोनदा पीठ घाला.

पावाला एक वाटी आंबवण, तीन वाट्या पीठ, चमचाभर मीठ आणि लागेल तसं साधारण वाटीभर पाणी. सैलसर मळून तेल लावलेल्या डब्यात चार-सहा तास ठेवा. फुगलं की जाड कढईत वाळू किंवा जाडं मीठ तापवा, त्यावर तिवई, तिवईवर डबा, वर घट्ट झाकण. मंद आचेवर पाऊण तास. खपलीचा पाव बेकरीच्या पावासारखा उंच होत नाही, पण आमटीबरोबर फार छान लागतो. ज्वारीचा असा पाव होत नाही, कारण पीठ धरून ठेवणारा गव्हाचा चिवटपणा ज्वारीत नाही. ज्वारीला आपली आंबीलच बरी, आणि मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर विचारायलाच नको.

आंबवण जपायचं असेल तर ताटात पातळ पसरून सावलीत वाळवा, भुकटी करा, कोरड्या डबीत ठेवा. हवं तेव्हा कोमट पाणी आणि पीठ घातलं की दोन-तीन दिवसांत जागं होतं. आमच्या गटानं अशा अकरा पुड्या केल्या, प्रत्येकीच्या घरी एक.

पहिला पाव झाला त्या दिवशी मी आजींना गटात सगळ्यांसमोर एक गोष्ट विचारली. म्हणाले, "आजी, माझं दही परवा बिघडलं. इरजण हाय का?" दिवसाढवळ्या विचारलं, वाटी हातात धरून. आजी काही बोलल्या नाहीत. नातीला घरी पाठवलं. तिनं वाटी भरून आणली आणि माझ्या हातात दिली.

माझं दही बिघडलं नव्हतं. पण आजीनं अंधारात नेलं ते कुणीतरी उजेडात मागायला हवं होतं.

तुमच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरून वाटीभर विरजण आणा. आजवर जिच्या घरून कधी आणलं नाही, तिच्याशी वाटी बदला. आणि आणखी एक करा. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या बाईला विचारा, आपलं विरजण कुणाकडून आलं? उत्तर मिळालं तर वहीत लिहून ठेवा. हप्त्यांच्या वहीत शेवटचं पान कोरंच असतं.